पोस्टपेडचं रेंटल मधेच वाढवलं. कंपनीला असं करता येतं का?

इंदिरानगरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या घरचे चार नंबर एकाच पोस्टपेड फॅमिली प्लॅनवर आहेत. आई, बाबा, मी आणि पुण्यात शिकणारी बहीण. जानेवारीत प्रीपेड सोडून हा प्लॅन घेतला. कॉलेज रोडच्या दुकानात मूळ रेंटल किती, ॲड-ऑन नंबरचे किती, वर जीएसटी किती, सगळं विचारून घेतलं होतं. प्लॅन सुरू झाल्याचा एसएमएसही आला, त्यात रेंटलचा आकडा होता.

एप्रिलच्या बिलात मूळ रेंटल शंभर रुपयांनी जास्त लागलंय. ॲड-ऑनचंही वाढलंय. बाबा प्रेसमधून रिटायर झालेत, बिल हातात आलं की एकेक ओळ तपासतात. त्यांनीच पकडलं. ऑटो-पे लावलेलं असल्यामुळे एरवी कळलंही नसतं. मागे जाऊन मेसेज चाळले तर मार्चमध्ये एक एसएमएस सापडला, "आपल्या प्लॅनमध्ये आता अधिक फायदे." पैसे वाढणार असं त्यात कुठेही नाही.

कस्टमर केअरला फोन केला. "सर, प्लॅन रिवाइज झालाय, सगळ्यांनाच लागू आहे." आम्ही हो कधी म्हटलं, असं विचारलं. तर म्हणे त्यासाठी वेगळी संमती लागत नाही, नको असेल तर पोर्ट करा.

आता मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. प्लॅन घेऊन चार महिने झाले नाहीत तोवर रेंटल असं वाढवता येतं का? आणि येत नसेल तर दाद कुठे मागायची? शंभर रुपयांसाठी कोण भांडत बसतं, असं कृपया कोणी लिहू नका. ठरलेला आकडा एकतर्फी बदलला, हे आम्हाला मान्य नाही.

सातपूरकर

राग समजतो भाऊ, पण यात काही होणार नाही. जुलै २०२४ आठवा. ३ जुलैला जिओ आणि एअरटेल, ४ जुलैला व्होडाफोन-आयडिया. दोन दिवसांत तिघांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ चा २९९ झाला, ८४ दिवसांचा ६६६ चा ७९९. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. त्या एका पॅकमागे वर्षाला ७८० रुपये जास्त. आमच्या अंबडच्या युनिटमध्ये कंत्राटावर मुलं आहेत, एकेकाकडे दोन सिम. एक गावाकडच्या नेटवर्कचं, एक इथलं. त्यांनी काय करायचं? तेव्हाही ओरड झाली. सरकारने सांगितलं की दर बाजार ठरवतो. झालं.

त्याआधी २०१९ च्या डिसेंबरात आणि २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हेच. तिन्ही वेळा सगळे मागेपुढे एकत्रच वाढवतात.

द्वारका_सर्कल

+१. बिल भरू नका आणि सरळ पोर्ट मारा.

मेनरोडचा_रिचार्जवाला

द्वारका, असा सल्ला देऊ नका हो. माझं दुकान आहे, रोज पाहतो. पोस्टपेडचं देय तारीख उलटलेलं बिल थकलेलं असेल तर पोर्टिंगचा कोडच निघत नाही. आणि शेवटचं बिल न भरता नंबर दुसरीकडे नेला तर जुनी कंपनी नव्या कंपनीला कळवून नंबर बंद करायला लावू शकते. नियमातच तशी तरतूद आहे. बाबांचा नंबर बँकेला, पेन्शनला, आधारला जोडलेला असणार. तो बंद पडला तर शंभर रुपयांचं प्रकरण भलतीकडे जाईल.

गोदाकाठ

सातपूरकर, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात, आणि नेमक्या याच गोंधळामुळे लोक हक्क सोडून देतात.

कंपनीने नव्या ग्राहकासाठी किंवा पुढच्या रिचार्जसाठी काय दर ठेवायचा, यात दूरसंचार नियामक म्हणजे ट्राय सहसा हात घालत नाही. मोबाइलचे दर बऱ्याच वर्षांपासून कंपन्यांवर सोडलेले आहेत. दर ठरवायचा आणि ट्रायला कळवायचा, एवढंच. त्यामुळे २३९ चा पॅक २९९ केला म्हणून तक्रार चालणार नाही. ते मान्य.

पण तुम्ही आधीच ज्या प्लॅनमध्ये शिरलात, त्या प्लॅनचा दर तुमच्यासाठी किती काळ स्थिर राहिला पाहिजे, यावर नियम आहे आणि तो २००६ पासून आहे. दूरसंचार दर आदेशाची त्रेचाळिसावी दुरुस्ती. ग्राहक ज्या दिवशी प्लॅनमध्ये नोंदला जातो त्या दिवसापासून किमान सहा महिने तो प्लॅन त्याला मिळत राहिला पाहिजे, आणि त्या सहा महिन्यांत त्या प्लॅनमधला कुठलाही दर वाढवता येत नाही. रेंटलही त्यात आलं. ग्राहकाला मात्र त्याच सहा महिन्यांत कधीही दुसरा प्लॅन घ्यायची मोकळीक आहे, आणि प्लॅन बदलायचे पैसे घेता येत नाहीत. बंधन कंपनीवर आहे, तुमच्यावर नाही.

सहा महिन्यांहून जास्त मुदतीचे पैसे एकरकमी भरले असतील, म्हणजे वर्षाचा पॅक घेतला असेल, तर ती पूर्ण मुदत संपेपर्यंत दर वाढवता येत नाही.

इंदिरानगरकर, तुम्ही जानेवारीत घेतला, एप्रिलला वाढ. सहा महिने झालेले नाहीत. नोंदणीची नेमकी तारीख दाखवणारा कागद किंवा एसएमएस जपून ठेवा, सगळं त्यावर उभं आहे. फक्त एक बघा, वाढ खरंच रेंटलमध्येच आहे ना? कर वाढला असेल किंवा कुणी ॲड-ऑन पॅक चालू केला असेल तर ते वेगळं. उदाहरणार्थ ४४९ च्या रेंटलवर १८ टक्के जीएसटी धरला की ५२९ रुपये ८२ पैसे होतात, आणि बरेच लोक त्यालाच दरवाढ समजतात.

इंदिरानगरकर

गोदाकाठ, मनापासून आभार. बाबांनी दोन्ही बिलं शेजारी ठेवून बघितली. कर तेवढाच टक्का आहे, वाढ रेंटलच्याच ओळीत आहे. सुरू झाल्याचा एसएमएस माझ्या फोनमध्ये आहे, तारखेसकट. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

कस्टमर केअरला त्रेचाळिसाव्या दुरुस्तीचं सांगितलं तर समोरच्या मुलीला त्याची कल्पनाच नव्हती. तिचा दोष नाही, पण पुढे कुणाशी बोलायचं?

पिंपळगावचा_बागायतदार

धागा चांगला निघाला. आमचं दुखणं वेगळं आहे, इथेच विचारतो.

विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर आहे. रात्री-बेरात्री लाइट आली की घरून फोन लावायचा आणि मोटार चालू करायची. त्या पेटीत एक सिम असतं. त्याला नेट लागत नाही, तो फक्त फोन उचलतो आणि एसएमएस पाठवतो. माझ्याकडे दोन विहिरी आणि एक शेततळं, म्हणजे तीन सिम. पूर्वी किरकोळ रिचार्जवर वर्ष निघायचं. आता प्रत्येक सिमला डेटासकट पॅक मारायचा. रोज दीड जीबी त्या पेटीने काय करायचं? आमच्या शिवारात शंभर पेट्या असतील, सगळ्यांचं हेच. द्राक्षाला औषधाचा खर्च, मजुरीचा खर्च, त्यात हे. छाटणीनंतर पाणी चुकवून चालत नाही, म्हणून रिचार्ज चुकवून चालत नाही.

यावर काही नियम आहे का?

वकीलताई_नाशिकरोड

इंदिरानगरकर, मी ग्राहक आयोगात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बागायतदार दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गोदाकाठ जास्त चांगलं देतील.

पहिली पायरी, तक्रार रीतसर नोंदवा. नुसता फोन करून भांडलात तर ती "चौकशी" म्हणून नोंदली जाते. १९८ हा तक्रारीचा क्रमांक आहे, तिथे फोन करा, मराठीचा पर्याय घ्या आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागा. डॉकेट नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. ॲपवरून केलीत तरी चालेल, नंबर महत्त्वाचा.

दुसरी पायरी, अपील. हीच पायरी बहुतेकांना ठाऊक नसते. २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक कंपनीला स्वतःचं अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. तक्रारीचं उत्तर पटलं नाही, किंवा मुदतीत उत्तरच आलं नाही, तर तीस दिवसांत अपील करायचं. फी नाही. ई-मेलनेही करता येतं. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. पत्ता आणि ई-मेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, बरंच खाली, बारीक अक्षरात, पण असतो.

पुष्कळ लोक थेट ट्रायला लिहितात. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, फार तर कंपनीकडे पाठवते. दूरसंचार विभागाकडे मात्र केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरून जाता येतं, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. हे दोन्ही बाजूने दाब टाकायला उपयोगी पडतात.

तिसरी पायरी, जिल्हा ग्राहक आयोग. इथे एक मोठा गैरसमज आहे, काही वकीलही अजून तेच सांगतात. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की टेलिफोनच्या वादासाठी तार कायद्यातला लवादाचा मार्ग आहे, ग्राहक मंचात येऊ नका. त्या एका निकालावर बोट ठेवून कंपन्यांनी वर्षानुवर्षं तक्रारी फेटाळून घेतल्या. मग अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण वर गेलं. दरमहा सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या माणसाला २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरचं २४,६०९ रुपये ५१ पैसे बिल आलं होतं. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत हेच म्हणत गेली की मंचाला अधिकार नाही. १६ फेब्रुवारी २०२२ ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने व्होडाफोन आयडियाचं ते म्हणणं फेटाळलं आणि ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा केला. म्हणून कोणी "मोबाइलची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही" म्हणालं तर ऐकू नका.

२०१९ च्या कायद्याने आणखी एक सोय केली आहे. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्यालय मुंबईला की दिल्लीला, याचा संबंध नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. ऑनलाइनही दाखल करता येते, पूर्वी ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आहे.

माझं मत विचाराल तर आधी अपील नीट लढवा. आयोगात जाण्यासाठी अपील करणं सक्तीचं नाही, पण बहुतेक प्रामाणिक प्रकरणं तिथे सुटू शकतात, कारण अपिलाची फाइल कस्टमर केअरचा मुलगा बघत नाही.

सातपूरकर

वकीलताई, अपिलाचं मला खरंच माहीत नव्हतं. डॉकेट नंबर मिळतो, दुसऱ्या दिवशी "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे" असा एसएमएस येतो, आणि आपण समजतो की संपलं.

वकीलताई_नाशिकरोड

तो एसएमएस आला की अपिलाचे तीस दिवस सुरू झाले असं समजा. तो पुसू नका.

गोदाकाठ

बागायतदार दादा, तुमच्या स्टार्टरच्या सिमसाठी नियम झालाय. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने ग्राहक संरक्षण विनियमांत बारावी दुरुस्ती केली. प्रत्येक कंपनीने फक्त कॉल आणि एसएमएसचं किमान एक स्पेशल व्हाउचर ठेवलंच पाहिजे, डेटा न लादता. अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे पॅक आणले. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ चा आणि वर्षाचा १८४९ चा, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ चा आणि ३३६ दिवसांचा १७४८ चा. आजचे आकडे ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर बघा. आपला सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, निवडताना "महाराष्ट्र" निवडा. मुंबई वेगळा सर्कल आहे, नाशिक त्यात येत नाही.

ॲप उघडलं की हे पॅक पहिल्या पानावर दिसत नाहीत. समोर मोठ्या पॅकची जाहिरात असते. शोधावं लागतं.

वर्षाचा पॅक घेतलात तर दुसरा फायदा. वर लिहिलं तसं, मुदत संपेपर्यंत दरवाढ तुम्हाला लागत नाही. मध्येच दर वाढले तरी स्टार्टरचं सिम वर्षभर निवांत.

पिंपळगावचा_बागायतदार

हे आमच्या दुकानदाराने कधी सांगितलं नाही. तीन सिमला नेट घेत होतो. गटावर टाकतो लगेच.

मेनरोडचा_रिचार्जवाला

दादा, दुकानदाराची बाजू पण सांगतो. आम्हाला कंपनीचा माणूस येऊन मोठा पॅक विकायला सांगतो, टार्गेट असतं. कमी पैशाचा पॅक सांगितला तर कमिशनही कमी. पण मी तरी गिऱ्हाइकाला विचारतो, नेट पाहिजे का? म्हातारी माणसं येतात, साधा बटणांचा फोन, आणि त्यांना रोज दोन जीबीचा पॅक मारून दिलेला असतो. दिंडोरी, पेठकडून येणाऱ्या बायांचं तर नेहमी असं. मुलगा पैसे पाठवतो, कुणीतरी रिचार्ज मारतं, आणि काय मारलं ते विचारायचं त्यांना सुचत नाही.

३० दिवसांचंही सांगून ठेवतो. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा असे पॅक ठेवायला लावले. ते आहेत, पण विचारल्याशिवाय कोणी काढत नाही. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्याला २८ दिवसांचं चक्र फार त्रास देतं, तारीख दर महिन्याला मागे सरकत जाते.

लंडनचा_नाशिककर

मी गंगापूर रोडचा, आता लंडनला असतो. इकडचं सांगितलं तर तुलना करता येईल.

इथे बरेच लोक फोनसकट दोन वर्षांचा करार करतात. करारात आधी लिहिलेलं असायचं की दरवर्षी महागाईच्या टक्क्यात ३.९ टक्के मिळवून दर वाढेल. २०२३ मध्ये महागाई १०.५ टक्के होती, त्यामुळे काही कंपन्यांचं बिल करार चालू असताना १४.४ टक्क्यांनी वाढलं, आणि मधेच सोडायचं तर दंड. लोक प्रचंड चिडले. शेवटी ऑफकॉम या इथल्या नियामकाने १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत महागाईशी जोडलेली वाढ बंद केली. आता वाढ करायची तर करारावर सही घेतानाच पौंड-पेन्समध्ये आकडा आणि महिना सांगावा लागतो. त्यापलीकडे ग्राहकाच्या तोट्याचा बदल केला तर महिनाभर आधी कळवायचं आणि ग्राहकाला दंडाशिवाय सोडून जाऊ द्यायचं.

तुमच्याकडे दंड नसतो, हा मोठा फरक आहे. नंबर घेऊन तुम्ही तीन दिवसांत निघू शकता. इथे लोकांना तेवढ्यासाठी झगडावं लागलं.

इंदिरानगरकर

नाशिककर, हे उपयोगी आहे. पण "निघू शकता" हे उत्तर मला पुरत नाही. मी निघालो तर कंपनीने चुकीचं केलं ते तसंच राहतं आणि जादा घेतलेले पैसे त्यांच्याकडेच राहतात. आधी पैसे परत, मग निघायचं की नाही ते आम्ही ठरवू.

१९८ वर तक्रार नोंदवली, डॉकेट नंबर मिळाला. अपेक्षेप्रमाणे "निवारण झाले" असा एसएमएस आला, एका ओळीचं कारण, "प्लॅन रिवाइज". आता अपील लिहायला बसलोय. वकीलताई, काय काय लिहू?

वकीलताई_नाशिकरोड

फार लांब लिहू नका. एक पान. मी साधारण मजकूर देते, तुम्ही तारखा आणि आकडे भरा:

"मी अमुक नंबरचा पोस्टपेड ग्राहक आहे. अमुक तारखेला अमुक रेंटलच्या प्लॅनमध्ये माझी नोंदणी झाली, तो एसएमएस जोडला आहे. अमुक तारखेच्या बिलात त्याच प्लॅनचे रेंटल अमुक रुपये आकारले आहे, दोन्ही बिले जोडली आहेत. नोंदणीपासून सहा महिने पूर्ण झालेले नाहीत. दूरसंचार दर आदेशाच्या त्रेचाळिसाव्या दुरुस्तीनुसार या काळात प्लॅनमधील कोणताही दर वाढवता येत नाही. अमुक डॉकेट क्रमांकाच्या तक्रारीचे उत्तर या नियमाविषयी काहीच म्हणत नाही. माझी मागणी: नोंदणीच्या दिवशीचे रेंटल सहा महिने पूर्ण होईपर्यंत कायम ठेवावे, जादा आकारलेली रक्कम करासह परत करावी, आणि सहा महिन्यांनंतर दर बदलणार असल्यास आकड्यासह आधी कळवावे."

राग लिहू नका. "लूट", "फसवणूक" हे शब्द टाळा. नियम, तारीख, आकडा, मागणी. जोडपत्रांना क्रमांक द्या. ई-मेल पाठवला की पोच मागा, अपिलाचा वेगळा नोंदणी क्रमांक येतो.

करासह हे विसरू नका. शंभर जादा घेतले तर त्यावरचे अठराही जादाच आहेत.

द्वारका_सर्कल

आणि तोपर्यंत बिल भरायचं का?

वकीलताई_नाशिकरोड

भरायचं. वादाची नोंद ई-मेलमध्ये करून भरायचं. सेवा बंद पडली की मुद्दा बदलतो, आणि थकबाकीदार म्हणून पोर्टिंगही अडतं.

सिडकोची_मानसी

मला पोर्टच करायचंय, भांडायला वेळ नाही. लहान मुलं, नोकरी. प्रीपेड आहे. कुणी नीट सांगेल का? मागच्या वेळी पाथर्डी फाट्याजवळ छत्री लावून बसलेल्या मुलाने दोन-तीनदा अंगठा घेतला, तेव्हापासून भीती वाटते.

मेनरोडचा_रिचार्जवाला

ताई, भीती रास्त आहे. आधी संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "माझा नाही" म्हणून कळवता येतं.

पोर्टचं असं आहे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. १९०० वर एसएमएस करायचा, इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग जागा सोडून तुमचा नंबर. तुम्ही पात्र असाल तरच कोड येतो, आणि महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. कोड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा, एकदाच केवायसी करा. त्याच सर्कलमध्ये असाल तर तीन कामाच्या दिवसांत होतं, दुसऱ्या सर्कलमधून पाच. मन बदललं तर चोवीस तासांत रद्द करता येतं. आणि नुकतंच सिम बदलून घेतलं असेल तर जुलै २०२४ पासून सात दिवस कोड मिळत नाही, फसवणूक थांबावी म्हणून तो नियम केलाय.

काही जणांचा पॅक संपलेला असतो किंवा त्यांच्या पॅकमध्ये एसएमएस नसतो, म्हणून १९०० ला मेसेज जात नाही असं त्यांना सांगितलं जातं. ते खरं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने सगळ्या कंपन्यांना बजावलंय की कोणताही पॅक असो, पोर्टिंगचा एसएमएस गेलाच पाहिजे.

सातपूरकर

आणि रेंज आधी बघा. जुलै २०२४ नंतर लाखो लोक बीएसएनएलकडे गेले, कारण त्यांनी तेव्हा दर वाढवले नव्हते. कुणाला उत्तम चाललं, कुणी परत आले. घरात, कारखान्याच्या शेडमध्ये, गावी, तिन्ही ठिकाणी शेजाऱ्याच्या फोनवर तपासून मगच जा. कंपन्यांना वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा ठेवणंही आता बंधनकारक आहे, पण शेजाऱ्याचा फोन जास्त खरं सांगतो.

सिडकोची_मानसी

कोड आला! दादा, खूप धन्यवाद.

इंदिरानगरकर

मंडळी, अपिलाचं उत्तर आलं. कंपनीने लिहिलंय की "ग्राहकाच्या नोंदणीची तारीख विचारात घेता" जुनं रेंटल सहा महिने पूर्ण होईपर्यंत लागू राहील आणि जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलात वळती होईल. आज बिल आलं. मूळ रेंटल, ॲड-ऑन आणि त्यावरचा जीएसटी, तिन्ही ओळी उणे चिन्हासह दिसताहेत. बाबांनी बेरीज करून बघितली, बरोबर आहे.

माझ्या मनात एकच शंका उरलीय. जानेवारी-फेब्रुवारीत हा प्लॅन घेतलेल्या बाकी सगळ्यांचं काय? त्यांचं रेंटल आपोआप कमी झालं असेल का?

गोदाकाठ

नाही. अपील तुमचं होतं, निकाल तुमच्यापुरता. बाकीच्यांना स्वतः मागावं लागेल. ग्राहक पंचायत किंवा तशी एखादी संघटना हा मुद्दा दूरसंचार विभागाकडे एकत्रित नेऊ शकते, आणि त्यांनी न्यावा असं मला फार वाटतं. ट्रायचा नियम सगळ्यांसाठी सारखा आहे, मग त्याचा लाभ फक्त अपील लिहिणाऱ्यालाच का? तुमची ऑर्डर नाव-नंबर झाकून इथे टाका, दुसऱ्यांना जोडता येईल.

देवळाली_कॅम्प

आमच्याकडे हाच प्लॅन आहे, फेब्रुवारीत घेतलेला, रेंटल वाढलंय. पण सुरू झाल्याचा एसएमएस मी पुसला. आता?

वकीलताई_नाशिकरोड

पहिलं बिल काढा, त्यात प्लॅन सुरू झाल्याची तारीख असते. ॲपमध्ये जुनी बिलं उतरवता येतात. तेही नसेल तर १९८ वर नोंदणीची तारीख लेखी मागा, ती द्यायला ते नकार देऊ शकत नाहीत. "निवारण झाले"चा मेसेज कधी आला होता?

देवळाली_कॅम्प

तक्रारच केलेली नाही अजून.

वकीलताई_नाशिकरोड

मग आज करा आणि डॉकेट नंबर इथे न टाकता स्वतःजवळ लिहून ठेवा. वरचा मजकूर वापरा.